पुणे मराठाज : समुद्रापार जिंकलेल्या एका हंगामाची हकीकत

२०१२ साली कोलंबो शहरातील सुगतदास क्रीडांगणावर, तोंडावर जाळी असलेली शिरस्त्राणे आणि खांद्यांवर जाड संरक्षक कवचे चढवलेल्या तरुणांच्या दोन पथकांमध्ये जो अंतिम सामना झाला, त्यात 'पुणे मराठाज' या संघाने 'दिल्ली डिफेंडर्स' या संघाचा सहा विरुद्ध शून्य असा पराभव केला, आणि 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' या नावाने उभ्या राहिलेल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल स्पर्धेचे पहिलेच विजेतेपद पुण्याच्या खाती जमा झाले. ज्या कसब्यापासून पुणे शहर वाढत गेले, त्या कसबा पेठेत राहून मी हा लेख लिहीत आहे. फडके हौदाच्या चौकात, तांबट आळीत, कुंभारवाड्याच्या बाजूला या विजयाविषयी मी ज्यांच्याजवळ विषय काढला, त्यांपैकी एकालाही असा संघ होता याची वार्ता नव्हती. हे अज्ञान कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही. परंतु शहराच्या नावाने खेळलेला आणि जिंकलेला एक संपूर्ण हंगाम शहराच्या स्मरणात मुळीच नसावा, ही गोष्ट मला चुटपुट लावून गेली, आणि तिची कारणे शोधावीत असे वाटले.

पुण्याला खेळांचे वावडे कधीच नव्हते. एकोणिसाव्या शतकात येथील छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी ज्या जाळी-फुलाच्या खेळाचे नियम बसवले, तो पुढे बॅडमिंटन म्हणून जगभर गेला, आणि प्रारंभी काही काळ तो 'पूना' याच नावाने ओळखला जाई. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने खो-खोसारख्या देशी खेळाला १९१४ च्या सुमारास लेखी नियमांची शिस्त लावली. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढले आणि व्यायामाला शिक्षणाच्या बरोबरीचे आसन दिले. पेठांतून तालमी होत्या, त्यांपैकी कित्येक आजही आहेत, आणि लाल मातीच्या हौद्यात पहाटे जोर-बैठका काढणारी पोरे पाहण्यासाठी कोणाला दूर जावे लागत नसे. परदेशी खेळ आपलासा करायचा आणि देशी खेळाला नियमांची बैठक द्यायची, ही दोन्ही कामे या शहराने केली आहेत. म्हणूनच अमेरिकन फुटबॉलचा पहिला भारतीय विजेता संघ पुण्याच्या नावाचा निघाला, यात मला काही विपरीत दिसत नाही.

खेळ समजल्यावाचून हंगाम समजणार नाही, सबब प्रथम खेळाचा तपशील देतो. मैदान शंभर यार्ड लांब आणि सुमारे त्रेपन्न यार्ड रुंद. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा अंतिम पट्टा. एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानात. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, एका बाजूने दोरीने शिवलेला, आणि वजनाला जेमतेम चारशे ग्रॅम. ज्या संघाच्या हाती चेंडू आहे त्याला चार प्रयत्न मिळतात. या चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढे सरकला तर पुन्हा चार प्रयत्नांची सनद. न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. व्यावसायिक कबड्डी पाहणाऱ्या वाचकाला हे कोडे वाटू नये. तेथे लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी चढाई निर्णायक ठरते, गुण घेऊन या नाहीतर बाद होऊन बसा. चौथ्या प्रयत्नाच्या वेळी अमेरिकन प्रशिक्षकाच्या मनात जी घालमेल चालते ती याच जातीची असते: दोन यार्डांसाठी जीव धोक्यात घालावा, की लाथेने चेंडू दूर भिरकावून शत्रूला मागे ढकलावे? शत्रूच्या अंतिम पट्ट्यात चेंडू नेला, म्हणजे टचडाउन केला, तर सहा गुण, त्यानंतर खांबांमधून चेंडू लाथाडला तर आणखी एक. मैदानातूनच लाथ मारून चेंडू खांबांमधून पाठवला तर तीन गुण. आणि प्रतिपक्षाच्या चेंडूधारकाला त्याच्याच अंतिम पट्ट्यात पाडले तर दोन.

या खेळाचे मूळ इंग्रजांच्या रग्बीत आणि फुटबॉलात आहे. १८६९ च्या नोव्हेंबरात रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत जो सामना झाला, तेथून अमेरिकन लोक आपल्या फुटबॉलची वंशावळ मोजतात. पण आजच्या खेळाचा साचा वॉल्टर कँप या गृहस्थाने १८८० च्या दशकात घडवला. दोन्ही पथकांना समोरासमोर उभे करणारी सीमारेषा आणि प्रयत्नांची मोजणी, हे दोन्ही नियम त्याचेच. पुढे १९०५ च्या हंगामात या खेळापायी इतके तरुण दगावले, की खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले, आणि १९०६ साली चेंडू हाताने पुढे फेकण्यास मुभा मिळून गर्दीतली रेटारेटी काही अंशी कमी झाली. १९२० साली ओहायो संस्थानातील कँटन गावी एका मोटारींच्या दुकानात जमलेल्या संघचालकांनी जी संघटना बांधली, तीच आजची 'नॅशनल फुटबॉल लीग', अर्थात एन.एफ.एल.

रग्बीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिचा संबंध धातूशी आहे आणि मी तांबट आळीच्या शेजारचा माणूस आहे. कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबात रग्बीचा उत्साह मावळला, तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून एक चषक घडवला आणि विलायतेत धाडून दिला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामध्ये १८७९ पासून ज्याच्यासाठी सामना होतो, तो 'कलकत्ता कप' हाच. या देशात मोडलेल्या एका क्लबाची स्मृती चांदीच्या रूपाने टिकली. पुणे मराठाजच्या वाट्याला तेवढेही आले नाही, असे या गोष्टीच्या अनुषंगाने मनात येते.

आता या संघाच्या जन्माकडे वळू. २०११ च्या ऑगस्टमध्ये या नव्या स्पर्धेची घोषणा झाली आणि तिच्या पाठिराख्यांत अमेरिकन फुटबॉलमधील बडी नावे झळकली. त्यांत माईक डिटका होते, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली शिकागो बेअर्सने १९८६ च्या जानेवारीत न्यू इंग्लंडचा ४६–१० असा फडशा पाडून सुपर बोल, म्हणजे एन.एफ.एल.चा अंतिम सामना, जिंकला होता. कर्ट वॉर्नर होते. महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर कोणत्याही संघात जागा न मिळाल्याने आयोवातील एका किराणा दुकानात रात्रपाळीने फळ्यांवर माल लावणारा हा तरुण काही वर्षांतच २००० सालच्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ही अमेरिकेत घरोघरी ठाऊक असलेली कथा आहे. आणि भारतीय वाचकाच्या दृष्टीने ज्याचे नाव अगत्याने घ्यावे, तो ब्रँडन चिल्लर होता. भारतीय वंशाच्या पित्याचा हा पुत्र एन.एफ.एल.मध्ये प्रथम सेंट लुई रॅम्सकडून आणि २००८ पासून ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. पॅकर्सने २०११ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गचा ३१–२५ असा पराभव करून सुपर बोल जिंकला, तेव्हा चिल्लर दुखापतीमुळे मैदानाबाहेर होता. त्याच वर्षी त्याचे नाव भारतातल्या या नव्या उद्योगाशी जोडले गेले.

पैसा आणि नावे यांनी स्पर्धा उभी राहते. खेळाडू मात्र शोधून आणावे लागतात. अमेरिकेत मूल चालू लागल्यापासून हा चेंडू पाहते, शाळेत खेळते, महाविद्यालयात लाखभर प्रेक्षकांसमोर उतरते, आणि त्यानंतर त्यांतील मूठभर निवडक तरुणांना व्यावसायिक संघाची दारे उघडतात. येथे तसे काहीच नव्हते. म्हणून रग्बी, कबड्डी, कुस्ती, मैदानी शर्यती अशा निरनिराळ्या क्षेत्रांतून अंगाने धडधाकट आणि पायाने चपळ तरुण गोळा करण्यात आले, आणि ज्या खेळाचे नावही त्यांतील बहुतेकांनी पूर्वी ऐकले नसेल तो खेळ त्यांना महिन्यांच्या मुदतीत शिकवण्यात आला. त्यांना नेमके काय शिकावे लागले असेल, ते जवळून पाहिले म्हणजे त्या तरुणांविषयी आदर वाटू लागतो. सीमारेषेवर उभा राहणारा खेळाडू पाय फाकवून, गुडघे मोडून, एक हात जमिनीवर टेकून ओणवा होतो. चेंडू हलताक्षणी त्याला खालून वर उसळून समोरच्याच्या छातीवर दोन्ही तळवे रोवायचे असतात, आणि जो अधिक खाली राहील तोच रेटेल असा तेथील दंडक आहे. कुस्तीगीराला हे परके नाही. दुहेरी पट काढणारा मल्लही असाच खाली बसतो, खांदा प्रतिस्पर्ध्याच्या कमरेखाली घालतो, दोन्ही मांड्यांना कव घालतो आणि पायांचा रेटा न थांबवता पुढे जातो. फुटबॉलमधील निर्दोष पाडाव हुबेहूब असाच असतो. कबड्डीपटूला मात्र आपली एक सवय मोडावी लागली असणार. कोपऱ्यात उभा राहून चढाईवीराचा घोटा धरण्याची जी सवय त्याच्या अंगात मुरलेली, ती येथे अपुरी पडते, कारण सव्वाशे किलोचा माणूस पूर्ण वेगात अंगावर येत असता घोट्यावर झेपावणारा पुष्कळदा नुसता हात झटकला जाऊन मागे पडतो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे चेंडू पुढे फेकणे आणि झेलणे. फेकणारा खेळाडू झेलणाऱ्याकडे पाहून फेकत नाही. तो झेलणारा दोन सेकंदांनी जेथे पोचणार आहे त्या रिकाम्या जागेकडे फेकतो. त्यासाठी दोघांची पावले आधी शेकडो वेळा जुळलेली असावी लागतात. नवशिक्यांच्या स्पर्धेत म्हणूनच बचाव लवकर तयार होतो आणि आक्रमण मागे राहते. पाडणे हे बळाचे आणि धैर्याचे काम आहे, ते तालमीतून आलेला गडी आठवडाभरात उचलतो. जुळवणी हे काळाचे काम आहे. अंतिम सामन्याचा सहा–शून्य हा निकाल या प्रकाशात वाचावा. सहा गुण ही एकाच टचडाउनची किंमत. आणि दिल्लीच्या पाटीवर अखेरपर्यंत शून्य. ज्या संघाने संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एक गुण घेऊ दिला नाही, त्याचा विजय बचावाच्या भिंतीने मिळवलेला विजय होता, आणि बचाव म्हणजे या खेळात अकरा जणांनी एकमेकांवर टाकलेला भरवसा. एकाने आपली जागा सोडली की भिंतीला खिंडार पडते. निरनिराळ्या खेळांतून, निरनिराळ्या घरांतून आलेल्या आणि कालपरवापर्यंत एकमेकांना अनोळखी असलेल्या तरुणांनी ती भिंत अभंग ठेवली. माझ्या मते हीच त्या हंगामाची खरी कमाई होय.

त्या हंगामात पुण्याखेरीज दिल्ली, मुंबई ग्लॅडिएटर्स, कोलकाता वायपर्स, बंगळूर वॉरहॉक्स, हैदराबाद स्कायकिंग्ज, कोलंबो लायन्स अशी नावे होती. नावांत गावे होती. सामने मात्र गावांत नव्हते. हंगाम कोलंबोच्या एकाच क्रीडांगणावर खेळवण्यात आला, त्याचे चित्रीकरण करून ठेवण्यात आले, आणि मागाहून टेन स्पोर्ट्स या वाहिनीवरून ते दाखवण्यात आले. खर्चाच्या दृष्टीने ही योजना समजण्याजोगी आहे. आठ संघांना आठ गावी हिंडवणे, प्रत्येक ठिकाणी मैदान आखणे, खांब उभारणे, वैद्य आणि पंच नेणे, यापेक्षा सर्वांना एका मुक्कामी ठेवून सामने उरकणे स्वस्त पडते. परंतु ज्या पुण्याचे नाव छातीवर होते, त्या पुण्याला आपला संघ डोळ्यांसमोर दिसला नाही, आणि जो दिसला तो पडद्यावर, घडून गेलेल्या गोष्टीच्या रूपाने.

त्याच वर्षीची दुसरी हकीकत याच्याशेजारी मांडून पाहावी. २०१२ च्या एप्रिलात गहुंजे येथील नवे क्रिकेट क्रीडांगण आय.पी.एल.च्या सामन्यांसाठी खुले झाले, आणि सौरव गांगुलीच्या नेतृत्वाखाली खेळणारा पुणे वॉरियर्स संघ त्या हंगामात सोळांपैकी अवघे चार सामने जिंकून तळाला राहिला. तरीही तो संघ लोकांना आठवतो. त्याच्या पराभवांवर कट्ट्यावर वाद झाले, त्याच्या खेळाडूंची नावे मुलांच्या तोंडी होती, आणि पुढच्या वर्षी मालकांनी अंग काढून घेऊन तो बंद पडला तेव्हा हळहळही झाली. तळाचा संघ लोकांच्या ध्यानात राहतो आणि विजेता संघ विस्मृतीत जातो, याचे उत्तर क्रिकेटची लोकप्रियता एवढेच नाही. गहुंज्याला माणूस तिकीट काढून जाऊ शकत होता. कोलंबोला कोण जाणार?

येथे अमेरिकेतील एका गावाचे उदाहरण विस्ताराने सांगतो, कारण संघ आणि गाव यांचे नाते कसे असावे याचा त्यासारखा वस्तुपाठ मला दुसरा माहीत नाही. चिल्लर ज्या ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला, तो संघ विस्कॉन्सिनमधील एका लाखाच्या आसपास वस्ती असलेल्या गावाचा आहे. आपल्याकडील तालुक्याच्या मोठ्या गावाएवढेच ते. १९१९ साली कर्ली लँबो आणि जॉर्ज कॅल्हून या दोघांनी तो संघ काढला, तेव्हा गणवेशांसाठी पाचशे डॉलर मांस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याने दिले, आणि 'पॅकर्स' हे नाव त्या कारखान्यावरून पडले. १९२३ साली संघ आर्थिक अडचणीत आला तेव्हा गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरांचे भाग विकत घेऊन तो तगवला. त्या भागांवर नफा मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाहीत. तरीही पुढे वेळोवेळी नवे भाग काढले गेले आणि आज पाच लाखांहून अधिक भागधारक त्या संघाचे मालक आहेत. इतर सर्व संघ धनिकांच्या खासगी मालकीचे असताना हा एकच संघ रयतेचा राहिला. सर्वाधिक, म्हणजे तेरा विजेतेपदे त्याच्याच नावावर आहेत, आणि प्रशिक्षक विन्स लोंबार्डी यांच्या कारकीर्दीत पहिले दोन्ही सुपर बोल त्यानेच जिंकले. त्याच्या क्रीडांगणात ऐंशी हजारांहून अधिक माणसे बसतात. ऐन थंडीत, बर्फ पडत असताना, गावच्या वस्तीचा बराचसा भाग त्या पायऱ्यांवर येऊन बसतो.

त्या गावची एक वहिवाट मात्र मला या आकड्यांहून मोलाची वाटते. उन्हाळ्यात सराव सुरू झाला की गावातली लहान मुले आपापल्या सायकली घेऊन क्रीडांगणाच्या दाराशी उभी राहतात. सराव-मैदान रस्त्यापलीकडे आहे. खेळाडू बाहेर येतात, एखाद्या मुलाची सायकल मागून घेतात आणि तीवर बसून मैदानाकडे जातात. सहा-साडेसहा फुटांचा, सव्वाशे किलोचा माणूस गुडघे हनुवटीपर्यंत वर येत असताना त्या चिमुकल्या सायकलीवर बसलेला असतो, आणि तिचा मालक, सात-आठ वर्षांचा पोरगा, त्याचे शिरस्त्राण दोन्ही हातांत धरून शेजारून धावत असतो. लोंबार्डींच्या काळापासून ही रीत चालत आली आहे. त्या मुलाला पुढे आयुष्यभर त्या संघाचा हंगाम कोणी समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकन हंगामाची घडी अशी सरावातूनच बसते. वसंतात नव्या खेळाडूंची निवड, ग्रीष्मात सराव, सप्टेंबरपासून जानेवारीच्या प्रारंभापर्यंत अठरा आठवड्यांत सतरा सामने, त्यानंतर चौदा संघांची बाद फेरी, आणि फेब्रुवारीत सुपर बोल. आमच्या तांबट आळीत तापवून मऊ केलेल्या तांब्याच्या भांड्यावर कारागीर गोल तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक घाव घालत जातो, त्याला मठारणे म्हणतात, आणि प्रत्येक घावागणिक मऊ पत्रा कठीण होत जाऊन शेवटी भांड्याला आकारही येतो व बळही येते. सतरा सामन्यांच्या हंगामाने संघाचे होते ते असेच. पुणे मराठाजला थोडक्या अवधीत हे सारे उरकावे लागले. तरी त्यांनी भांडे घडवले, हे विसरता येणार नाही.

पुण्याच्याच दुसऱ्या एका व्यावसायिक संघाने नंतर जे करून दाखवले, ते या संदर्भात फार बोलके आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून पुणेरी पलटण हा संघ तीत आहे, आणि पहिली कित्येक वर्षे त्याला अंतिम फेरी दिसली नाही. २०२२ च्या डिसेंबरात मुंबईस तो प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि जयपूरकडून २९–३३ असा हरला. पुढच्याच हंगामात बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली आणि अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली संघाने साखळीतील बावीस सामन्यांत सतरा विजय मिळवून अव्वल स्थान घेतले. मोहम्मदरेझा शादलू हा इराणी बचावपटू दोन कोटी पस्तीस लाखांच्या बोलीवर पुण्यात आला होता, आणि त्याने मोसमभर कोपरा असा काही राखला की भलेभले चढाईवीर तिकडे फिरकताना विचार करू लागले. उपांत्य सामन्यात पाटण्याचा ३७–२१ असा पाडाव करून १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवले, त्यात पंकज मोहितेच्या एकाच चढाईने चार गुण आणून पारडे झुकवले. हा अंतिम सामनाही पुण्याबाहेरच झाला. परंतु त्याआधी डिसेंबरात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पलटणचे घरचे सामने झाले होते, कसब्यातून बारा-तेरा किलोमीटरवर, आणि पेठांतली मंडळी घसा बसेपर्यंत ओरडून आली होती. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा पाहिलेले ते संकुल पुण्याच्या सवयीचे आहे. हैदराबादेत जिंकलेला चषक म्हणूनच पुण्याचा वाटला.

कसबा पेठेला ही गोष्ट कोणी शिकवायला नको. येथील ग्रामदैवत असलेल्या कसबा गणपतीला विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान आहे, आणि सार्वजनिक उत्सवाची परंपरा १८९३ पासूनची आहे. त्या एका दिवसासाठी ढोल-ताशा पथके पावसाळ्यात नदीकाठी संध्याकाळ-संध्याकाळ सराव करतात. टिपरूचा ठेका चुकला की थांबायचे, ताशाने पुन्हा तर्री उचलायची, ध्वज धरणाऱ्याने पुन्हा रांगेत यायचे. पुलावरून जाणारा माणूस क्षणभर दुचाकी थांबवून हे पाहतो, खिडकीतले म्हातारे कान देतात, कोणी कुरकुरतो, कोणी दाद देतो. आणि मिरवणुकीच्या दिवशी ते पथक आपल्या ओळखीचे असते. माझे निश्चित मत आहे की कोणतेही पथक, मग ते ढोलाचे असो की फुटबॉलचे, गावाचे होते ते त्याचा सराव गावाच्या नजरेस पडल्याने. पुणे मराठाजच्या खेळाडूंनी कष्ट केले, मार खाल्ला, विजय आणला. त्यांना गाव भेटले नाही, गावाला ते भेटले नाहीत. स्पर्धेच्या चालकांनी वाहिनीचा करार आधी केला आणि गावाशी ओळख नंतरवर टाकली, आणि ती नंतरची वेळ तशी आलीच नाही. हा क्रम चुकला असे मी स्पष्टपणे म्हणतो.

यापुढे हा खेळ आपल्याकडे येणार असेल, तर तो बहुधा दुसऱ्या वाटेने येईल. २०२३ च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईस भरले होते, आणि त्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेट, स्क्वॉश यांच्याबरोबरच फ्लॅग फुटबॉललाही मान्यता मिळाली. या प्रकारात प्रत्येक बाजूला पाचच खेळाडू असतात, कोणी कोणाला पाडत नाही, तर कमरेला लावलेली पट्टी ओढून घेतली की चेंडूधारक थांबला असे धरतात. शिरस्त्राण नको, खांद्यांचे कवच नको, हजारो रुपयांचा सरंजाम नको. मुली आणि मुले दोघांनाही तो खेळता येतो. शाळेचे मैदान, दहा मुले, एक चेंडू आणि कमरेच्या पट्ट्या एवढ्यावर त्याचा श्रीगणेशा होतो, आणि मुख्य म्हणजे तो सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो. ज्या शहराने खो-खोचे नियम लिहिले त्याच्या क्रीडाशिक्षकांनी या प्रकाराकडे एकवार पाहावे, असे मला मनापासून वाटते.

राहता राहिला प्रश्न २०१२ च्या त्या विजेत्यांचा. ते तरुण आज पस्तिशी-चाळिशीत असतील. नोकऱ्यांत, संसारांत, कदाचित एखाद्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून असतील. शहराच्या क्रीडा-इतिहासात त्यांच्या हंगामाला पान नाही. इतिहास कागदांवाचून लिहिला जात नाही, हे ज्या गावात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले त्या गावाला सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून या लेखाच्या निमित्ताने एक विनंती करतो. पुणे मराठाजकडून जे खेळले, ज्यांनी त्यांना शिकवले, ज्यांनी त्यांच्या जखमा बांधल्या, त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी आपल्याजवळचा गणवेश, छायाचित्र, सरावाची वही, कराराची प्रत, जे काही असेल ते टाकून देऊ नये. आणि कोलंबोतील त्या दिवसांची हकीकत, जशी आठवेल तशी, तारीखवार लिहून काढावी. वाचकांपैकी कोणाच्या शेजारी, नात्यात वा कचेरीत असा एखादा खेळाडू असेल, तर त्याला गाठून त्याच्याकडून ती लिहवून घ्यावी.